खुलासा : 11 महिन्यांच्या भाडेकरारालाही नोंदणी लागते

‘स्टँडजवळ फ्लॅट घ्या, 11 महिन्यांचा करार नोटरी करा, नोंदणीची गरज नाही,’ असा मेसेज कोल्हापुरात फिरतोय. तो चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55 प्रमाणे मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. हे मालकांनीच आधी वाचावं!

खर्च फार नाही. भाडं 10,000, परत मिळणारं डिपॉझिट 50,000 धरा. 11 महिन्यांचं भाडं 1,10,000, त्यात डिपॉझिटवर वार्षिक 10 टक्क्यांनी व्याज, सुमारे 4,583. बेरजेच्या 0.25 टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे जेमतेम 300 रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000, ग्रामपंचायतीत 500. एजंटाचं कमिशन वेगळं. ते सरकारी फीत मिसळू देऊ नका.

ऑनलाइन नोंदणी घरबसल्या होते. अडतं बहुतेक ओळख पटवायच्या अंगठ्याच्या ठशावर: वयस्कर मालकांचे ठसे झिजलेले असतात, मग दुसरं बोट लावून बघा. शाहूपुरीतला फ्लॅट असेल तर सिटी सर्व्हे नंबरबरोबर ‘ई वॉर्ड’ लिहिलंय का, ते मिळकत पत्रिकेशी (प्रॉपर्टी कार्डाशी) ताडून घ्या. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती मात्र स्वतंत्र द्यावी.