मेल सेल्सचे, स्पॅममध्ये आमची बिले

आमचे बिल ग्राहकाच्या स्पॅम फोल्डरमध्ये सापडले. ही बातमी ग्राहकाच्या अकाउंट्स विभागातल्या गृहस्थांनी मला फोनवर इतक्या प्रसन्न आवाजात दिली, की पैसे थकवण्याचे इतके निर्दोष कारण त्यांना उभ्या नोकरीत प्रथमच मिळाले असावे. ज्यांना आम्ही वर्षानुवर्षे भोसरीहून माल पाठवतो आणि ज्यांच्याशी रोजचा पत्रव्यवहार आहे, त्यांच्याकडे आमचे बिल ऑनलाइन रमी आणि झटपट कर्जाच्या जाहिरातींच्या शेजारी निपचित पडले होते. कोणी शोधलेच नसते, तर ३० दिवसांनी जीमेलने ते गुपचूप पुसूनही टाकले असते.

कारण शोधायला लांब जावे लागले नाही. आमच्या सेल्स विभागाने व्हॉट्सअ‍ॅपवर कोणाकडून तरी ‘ऑल इंडिया परचेस मॅनेजर डेटाबेस’ नावाची एक्सेल फाइल विकत घेतली होती आणि एका दुपारी त्या संपूर्ण यादीला मेल केला होता. तोही मुख्य डोमेनवरून (मेलच्या पत्त्यातले @ नंतरचे कंपनीचे नाव). म्हणजे ज्या डोमेनवरून कोटेशन जातात, बिले जातात, पगाराच्या स्लिपा जातात आणि बँकेशी बोलणे होते, त्याच डोमेनवरून. विषयाच्या ओळीत आरंभीच ‘आरई’ लावले होते, जणू समोरच्याने आधी चौकशी केली होती आणि आपण केवळ सौजन्याने उत्तर देत होतो. सोबत जडशीळ कॅटलॉग जोडला होता. नको असल्यास नाव काढण्याची सोय मात्र कोठेही नव्हती. अशा मेलांनी डोमेनची पत ढासळते आणि मग त्याच डोमेनवरून गेलेले बिलही स्पॅम ठरते.

यादीतले कित्येक जण नोकरी सोडून गेलेले, काही कंपन्यांना टाळे लागलेले. अर्थातच ‘५५०, असा वापरकर्ता अस्तित्वात नाही’ असे परतीचे संदेश ढिगाने येऊ लागले. ते डोळ्यांसमोर येऊ नयेत म्हणून आमच्या सेल्सच्या साहेबांनी एक फिल्टर लावून ते परस्पर कचऱ्यात जातील अशी व्यवस्था केली, कारण त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यामुळे ‘इनबॉक्स घाण होत होता’. हे वाक्य त्यांनी मीटिंगमध्ये, सर्वांसमोर, चहाचा घोट घेत उच्चारले. एवढे सर्व्हर एका सुरात ‘येथे कोणी राहत नाही’ असे सांगत असताना पाठवणे थांबवावे, हा विचार त्यांना शिवला नाही. कानांत बोळे घालावेत हे मात्र लगेच सुचले.

पुढे त्यांनी पडद्यावर आलेख दाखवला. ओपन रेट, म्हणजे मेल उघडणाऱ्यांचे प्रमाण, उत्तम होता, म्हणून कॅम्पेन यशस्वी. २०२१ पासून अ‍ॅपलचे मेल अ‍ॅप ट्रॅकिंगचे, म्हणजे मेल उघडल्याची चहाडी करणारे, चित्र स्वतःच आधी उघडून ठेवते आणि कंपन्यांचे सुरक्षा-स्कॅनरही मेलमधली चित्रे आणि लिंक उघडून पाहतात, त्यामुळे हा आकडा माणसांचा नसून बराचसा यंत्रांचा आहे, असे मी म्हणालो. त्यावर मला मिळालेले उत्तर असे होते: “सर, तुम्ही फार निगेटिव्ह विचार करता.”

गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये मेल पाठवणाऱ्यांसाठीचे नियम आवळले, मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही तोच मार्ग धरला, हे मी कंठशोष करून सांगितले. “पण तो नियम दिवसाला ५,००० मेल पाठवणाऱ्यांसाठी आहे, आपण कोठे तेवढे पाठवतो?” हा प्रतिवाद मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकला आहे, की तो ऐकताच माझ्या डाव्या कानशिलात ठणका सुरू होतो. तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवा, ही गूगलची अट लहानमोठ्या सर्वच प्रेषकांना लागू आहे. ०.३ टक्के म्हणजे हजारात तीन. दोनशे जणांना मेल गेला आणि त्यांपैकी एकाच वैतागलेल्या माणसाने ‘स्पॅम’ हे बटण दाबले, तरी अर्धा टक्का झाला. शिवाय गूगलच्याच पोस्टमास्टर टूल्समध्ये आपली अवस्था पाहायला जावे, तर आमच्याएवढ्या लहान डोमेनचा आलेख तेथे कोराच दिसतो. शिक्षा भोगायला आपण पुरेसे मोठे आहोत, निकालपत्र पाहायला नाही.

याच डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या त्याच्या नोंदवहीत, पूर्वी एका वेबसाइटवाल्याने पहिले एसपीएफ रेकॉर्ड (आमच्या नावाने कोणत्या सर्व्हरने मेल पाठवावेत त्याची यादी) असताना त्याखाली दुसरे चिकटवून दोन्ही निकामी केले होते. आमच्या नावाने कोण मेल पाठवतो ते सांगणारे डीमार्कचे अहवाल केव्हाच राजीनामा दिलेल्या एका कर्मचाऱ्याच्या बंद मेलबॉक्सकडे जात होते. दर दिवाळीला तर कोणी ना कोणी लुकलुकणाऱ्या पणत्यांचे शुभेच्छापत्र संपूर्ण अ‍ॅड्रेस बुकला पाठवतोच, ज्यात आमच्यावर वसुलीचा दावा लावलेले पुरवठादारही असतात.

मान्य आहे, या सगळ्याचा माझ्या डोक्यावर परिणाम झाला आहे. परवा मावसभावाच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका मेलवर आली, तेव्हा मी मुहूर्त पाहण्याआधी हेडर उघडून डीकेआयएम (पाठवणाऱ्या डोमेनची डिजिटल सही) पास झाले आहे की नाही ते पाहिले, आणि झाले आहे हे दिसल्यावर मला त्या घराण्याविषयी आदर वाटला. बायकोने विचारले, “स्थळ चांगले आहे का?” मी म्हणालो, “सही जुळते आहे.” आणि ‘माझा मागील मेल आपल्या नजरेतून सुटला असावा’ अशी चौथी आठवण घेऊन येणाऱ्या अनोळखी विक्रेत्यांसाठी ते स्पॅमचे बटण मी स्वतः कसे दाबतो, हे पाहणाऱ्याला कॅरमची आठवण येईल. त्या विक्रेत्यांच्याही कचेरीत माझ्यासारखा कोणी तरी कपाळावर हात मारून बसलेला असणार, याची मला पूर्ण कल्पना आहे. तरीही मी दाबतो.

संताप याचा आहे, की पत जाते डोमेनची आणि टार्गेट पूर्ण होते एकट्या सेल्सचे. फोन करून “साहेब, जरा स्पॅममध्ये बघता का?” असे आर्जव करायचे अकाउंट्सने, ‘नॉट स्पॅम’ दाबायची विनंती करायची स्टोअरच्या लोकांनी, आणि कोटेशन वेळेत न पोहोचल्याने टेंडर गेले तर बोल लावायचा सर्व्हरला. पत परत यायला आठवडे लागतात, कधी महिने, आणि तेवढा काळ थोडे, नेमके आणि अपेक्षित मेल पाठवत शांत बसावे लागते. शांत बसणे हे कोणाच्याच टार्गेटमध्ये नाही.

उपाय म्हणून बाहेरून बोलावलेल्या सल्लागाराने ‘वॉर्म-अप’ सुचवले आहे. म्हणजे पैसे भरून आपले मेलबॉक्स अनोळखी मेलबॉक्सांच्या टोळीत सामील करायचे. मग ते एकमेकांना निरर्थक मेल पाठवणार, एकमेकांचे मेल स्पॅममधून बाहेर काढणार आणि ‘छान, धन्यवाद’ अशी उत्तरे देणार. हा बनाव गूगलला कळणार नाही, असे सल्लागाराचे मत आहे. सेल्सने याहून पुढची मजल मारली असून कंपनीच्या नावापुढे ‘गेट’ लावलेले कोरे डोमेन घ्यायचे, त्यावर तीच एक्सेल फाइल पुन्हा चालवायची आणि ते जळले की पुढचे घ्यायचे, असे ठरवले आहे. त्या यादीतून परत आलेले पत्ते तरी आधी काढा, असे मी सुचवले, तेव्हा ते कोणते हे आता सांगता येणार नाही, कारण कचरा रिकामा केला आहे, असे कळले.

डीएनएसचा पासवर्ड मी आज दुपारी बदलला आहे. ज्यांना तो हवा असेल त्यांनी मला मेल करावा. बहुधा तो स्पॅममध्ये जाईल.