कोकम सोड्याचा ब्रँड काढताय? आधी एक मंत्री गाठा

ठाण्याच्या नौपाड्यात बसून कोकम सोड्याचा ब्रँड काढायचं तुमच्या डोक्यात आलंच असेल, तर पहिल्यांदा कोकम बाजूला ठेवा. त्याचा ह्या धंद्याशी फारसा संबंध नाही. तुम्हाला हवा एक मंत्री, जो समोरच्या दुकानदाराला देशाबाहेर घालवील.

हे मी मनचं सांगत नाही. १९७३ च्या ‘फेरा’ ह्या परकीय चलनाच्या कायद्यानं परदेशी कंपन्यांना इथला हिस्सा ४० टक्क्यांवर आणायला सांगितलं. हिस्सा सोडायचा तर गुपित फॉर्म्युलाही इथल्या भागीदारांच्या हाती द्यावा लागणार, आणि ते गाठोडं कोका-कोलाला सोडायचं नव्हतं. जनता सरकारात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री झाले आणि १९७७ मध्ये कंपनीनं गाशा गुंडाळला. मैदान मोकळं!

आता मोकळ्या मैदानात सरकारसारखं उतरू नका. म्हैसूरच्या सरकारी अन्नसंशोधन संस्थेची कृती, मॉडर्न ब्रेडवाल्या सरकारी कंपनीचं उत्पादन आणि साल ७७ म्हणून नाव ‘डबल सेव्हन’. नावातच तारीख छापलेलं पेय ७८ उजाडताच शिळं वाटणार, हे एकाही फाइलवर कुणी लिहिलं नसावं.

त्यापेक्षा पारलेच्या चौहानांचं बघा. त्याच वर्षी थम्स अप काढलं आणि इंग्रजी नावातला ‘बी’ गाळला. तुमच्या मुलीनं वहीत गाळला तर बाई लाल गोल करतात. बाटलीवर गाळला की ट्रेडमार्क होतो. तेव्हा ‘कोकम’मधलंही एखादं अक्षर उडवा. शिवाय एक डोंगर हेरून ठेवा. मनमाडजवळच्या सुळक्याचं नाव हडबीची शेंडी, पण गाडीच्या खिडकीतून बाप पोराला दाखवतो तो ‘थम्सअपचा डोंगर’. जाहिरातीचा छदामही न देता! आपल्याला येऊरचा डोंगर आहे. तो कोकमासारखा दिसत नसेल तर पावसाळ्यात, धुक्यात बघा.

चवीची काळजी सोडा, चव गिऱ्हाईक स्वतः घेऊन येतं. तलावपाळीजवळच्या टपरीवर मालक बर्फाच्या पेटीत कोपरापर्यंत हात घालायचा, दोरीला बांधलेल्या ओपनरनं बूच उडवायचा, आणि गॅसनं वर येणारी स्ट्रॉ बोटानं दाबून धरत आम्ही प्यायचो. बाटली घरी न्यायची तर डिपॉझिट. पोट बिघडलं की लिम्का, मुलगी बघायला मंडळी आली की संत्र्याचं गोल्ड स्पॉट, आणि थम्स अपमध्ये चिमूटभर मीठ टाकून फेस काढणारा एक मामा प्रत्येक घरात असायचाच. ह्यातलं एकही कुठल्या जाहिरात कंपनीला सुचलेलं नव्हतं. (मामाला मानधनही मिळालं नाही.)

जाहिरात करायचीच तर पैसे दुसऱ्याला भरू द्या. १९९६ च्या क्रिकेट विश्वचषकाचं अधिकृत पेय होतं कोका-कोला. पेप्सीनं ‘नथिंग ऑफिशियल अबाउट इट’ म्हणत सगळी मजा लुटली. तुम्हीही दहीहंडीचं अधिकृत सरबत दुसऱ्या कुणाला तरी होऊ द्या आणि शेजारच्या कमानीवर ‘आमच्यात अधिकृत काही नाही’ असं लावा. ठाण्यातल्या किती कमानी अधिकृत असतात, हा वेगळा विषय.

एवढं जमलं की विकून मोकळे व्हा. १९९३ मध्ये कोका-कोला परत आली आणि तिनं चौहानांचे ब्रँडच विकत घेतले. फँटासाठी गोल्ड स्पॉटचा बळी गेला. थम्स अपलाही अडगळीत टाकून पाहिलं, पण लोक दुकानात तेच मागत राहिले. अखेर नव्या मालकालाच त्याचा ढोल बडवावा लागला. २०२१ मध्ये त्याची विक्री एक अब्ज डॉलरवर गेली. आणि ब्रँड मेलाच, तरी रडू नका. कँपा कोला कधीच विस्मरणात गेलं होतं, ते रिलायन्सनं २०२२ मध्ये घेऊन पुढच्या वर्षी पुन्हा बाजारात उभं केलं.

राहता राहिला फॉर्म्युला. तो तिजोरीत हवाच. आमच्या घंटाळीतल्या एक काकू पाण्याच्या जुन्या बाटल्यांत आगळ भरून विकतात. मी हळूच, इकडे तिकडे बघत कृती विचारली.

“कोकम नि मीठ,” त्या भर रस्त्यात मोठ्यानं म्हणाल्या. “अजून काय असतं त्यात? बाटली रिकामी झाली की परत आणून दे हो, बाहेर पाच रुपये पडतात.”

ह्या बाईंना धंद्यात भागीदार म्हणून अजिबात घेऊ नका.