इमारतीचे चारित्र्य विचारू नये

मुंबईत भाड्याचे घर शोधणाऱ्याने सर्वप्रथम स्वतःचे चारित्र्य सिद्ध करावे. आधार कार्ड, पॅन कार्ड, कंपनीचे पत्र आणि दोन फोटो द्यावेत. लग्न झाले आहे का, घरात मासळी शिजते का आणि पाहुणे रात्री किती वाजेपर्यंत थांबतात, हेही न विचारता सांगून टाकावे, म्हणजे आपली माहिती रीतसर पोलीस ठाण्यात पोहोचते. ही पडताळणी एकतर्फी असते आणि तिला तसेच राहू द्यावे. ज्या इमारतीच्या स्लॅबखाली आपण अकरा महिने झोपणार, तिच्यावर आजवर किती नोटिसा बजावल्या गेल्या हे उलट विचारणे म्हणजे कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात नवऱ्या मुलाच्या रक्ततपासणीचा अहवाल मागण्यासारखे आहे. पोहे चांगले झाले आहेत, एवढेच बोलावे.

घर पाहायला जाताना मान खाली ठेवावी. खाली नव्या टाइल्स असतात आणि त्यांत आपले प्रसन्न मुख दिसते. वर पाहिल्यास सांडपाण्याच्या पाइपाच्या सांध्यातून निघालेला पिंपळ, सज्जाखाली उघडी पडलेली गंजकी सळई आणि गच्चीवरची निळी ताडपत्री दिसण्याचा धोका संभवतो. जिन्याजवळ लोखंडी टेकू लावलेले आढळल्यास त्यांना खांब समजावे. दहा पावसाळे उभा राहिलेला टेकू स्वतःला खांबच समजू लागलेला असतो, त्याचा गैरसमज आपण का दूर करावा? खोलीत पीओपीचे छत नवेकोरे असेल, तर मालकाच्या सौंदर्यदृष्टीचे कौतुक करावे. त्या छताच्या वर काय झाकले आहे, ही चौकशी अभिरुचीहीन होय.

सूचनाफलकापाशी मात्र विशेष सावध असावे. पार्ल्यातील एका तीन मजली इमारतीत मी ही चूक केली. फलकावर सत्यनारायणाच्या पूजेचे निमंत्रण होते आणि त्याच्या खालच्या कडेशी पिवळ्या पडलेल्या कागदाचा कोपरा व त्यावर ‘३५४’ हा आकडा डोकावत होता. निमंत्रण नखाने जरा उचलले, तेव्हा मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५४ खालील, म्हणजे धोकादायक बांधकामाबाबतची, नोटीस निघाली. सोबतचा एजंट अजिबात गडबडला नाही. “अहो, ती दर पावसाळ्याआधी येते,” तो म्हणाला. “आपण छत्री काढतो ना माळ्यावरून, तसंच.” त्याने निमंत्रणाची टाचणी पुन्हा नीट बसवली.

महापालिका जुन्या इमारतींना शाळेसारख्या श्रेणी देते, हे आपल्या कानावर आले असल्यास विसरून जावे. सी-१ म्हणजे तातडीने रिकामी करून पाडण्याजोगी, सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती करण्याजोगी, सी-२बी म्हणजे रहिवासी आत असतानाच दुरुस्त करण्याजोगी, आणि सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजीची. सी-१ इमारतींची यादी दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर पत्त्यांसह जाहीर होते, आणि ती वाचायला पाच मिनिटांहून अधिक लागत नाहीत, हाच तिचा मोठा दोष. पाहायचीच असेल, तर चुकीची यादी पाहावी. बेट शहरातील, म्हणजे उपनगरे वगळून उरलेल्या मूळ मुंबईतील, ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारतींचा कारभार म्हाडाच्या दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे असतो आणि त्यांतील अतिधोकादायक इमारतींची यादी ते मंडळ स्वतंत्रपणे काढते. तेव्हा गिरगावातील चाळीचे नाव महापालिकेच्या यादीत शोधावे आणि पार्ल्यातील सोसायटीचे म्हाडाच्या. नाव सापडत नाही आणि झोप उत्तम लागते.

श्रेणीविषयी निराश होण्याचेही कारण नाही, कारण ती बदलून मिळते. ज्या इमारतीचा पुनर्विकास मालकाला हवा असतो, त्या इमारतीची तुळई मालकाने नेमलेल्या अभियंत्याच्या अहवालात मरणपंथाला लागलेली असते. तीच तुळई, घर सोडण्याची धास्ती घेतलेल्या रहिवाशांच्या अभियंत्याच्या अहवालात, थोड्याशा गिलाव्याने बरी होणारी असते. दोन अहवाल असे भांडू लागले की प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जाते, आणि समितीचे मत येईपर्यंत तुळईने कोणाची बाजू घ्यायची हे तिचे तिने ठरवावे. कुर्ल्यातील नाईकनगर सोसायटीची एक इमारत २०१६ मध्ये सी-१ ठरली होती. पुढे संरचनात्मक तपासणीचा दुसरा अहवाल सादर झाला आणि ती कागदावर सुधारली. २७ जून २०२२ च्या रात्री ती कोसळली, १९ माणसे गेली, आणि त्यांत तेथे भाड्याने राहणारे मजूर होते. त्यांच्याकडून डिपॉझिट घेताना हा श्रेणीसुधाराचा इतिहास कोणी वाचून दाखवला असेल, असे मला वाटत नाही.

तळमजल्यावर दुकानाचे वा दवाखान्याचे नूतनीकरण सुरू असेल, तर इमारत प्रगतिपथावर आहे असे मानावे. घाटकोपरची साई सिद्धी इमारत २५ जुलै २०१७ रोजी पडली आणि १७ जण दगावले, तेव्हा तळमजल्यावरील फेरफारांवरून गुन्हा दाखल झाला. “आमची बिल्डिंग सरकारी आहे, घाबरू नका,” असे सांगणारा भेटल्यास माझगावच्या बाबू गेनू मंडईचे नाव त्याच्यापुढे काढू नये. ती महापालिकेची स्वतःची इमारत होती, तीत महापालिकेचेच कर्मचारी राहत होते, आणि २७ सप्टेंबर २०१३ रोजी तिच्याखाली ६१ जण मरण पावले. नोटीस बजावणारा आणि नोटीस घेणारा एकच असला, की टपालखर्च तेवढा वाचतो.

सोसायटीच्या सचिवांकडे संरचनात्मक तपासणीचा अहवाल मागणे हाही अगोचरपणाच. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे नमुना नियमांत, १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुनीची दर तीन वर्षांनी तपासणी करण्यास सांगितले आहे, पण सचिव मोठ्या प्रेमाने आपल्याला पार्किंगच्या नियमांची प्रत देतात. आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे ‘ब’ नमुन्याचे प्रमाणपत्र जानेवारीत व जुलैत द्यावयाचे असते, म्हणून ऑगस्टमध्ये तर ते मुळीच विचारू नये. अगदीच राहवत नसेल, तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून वॉर्ड कार्यालयात माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करता येतो. उत्तराची मुदत ३० दिवसांची असते, आणि घर तर, एजंटच्या सांगण्यानुसार, आज संध्याकाळी जाणार असते. व्यक्तीच्या जीविताशी संबंधित माहिती ४८ तासांत द्यावी असेही त्या कायद्यात लिहिले आहे. पण डोक्यावरचा स्लॅब हा जीविताचा विषय की बांधकामाचा, या वादात ३० दिवस सहज निघून जातात.

राहता राहिला करार. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची असते, तरी खर्चाबाबत आपणच उदार व्हावे. लिव्ह अँड लायसन्सने जागेत हक्क निर्माण होत नाही, त्यामुळे इमारत रिकामी करण्याचा दिवस उगवलाच, तर संक्रमण शिबिराच्या, म्हणजे तात्पुरत्या पर्यायी घरांच्या, रांगेत उभे राहण्याचा त्रासही आपल्याला नसतो. ‘जागा ज्या स्थितीत मिळाली त्याच स्थितीत परत करावी’ हे कलम वाचताना मात्र गंभीर चेहरा ठेवावा आणि भिंतीतील खिळ्यांची भोके मोजून घ्यावीत, कारण डिपॉझिट त्यांच्यामुळे कापले जाते.

पार्ल्याच्या त्या घरात एजंटने शेवटी सामानाचा विषय काढला. “कपाट भिंतीला लावा. पलंगही भिंतीलाच. पाण्याचं पिंप मोरीत ठेवा.”

“आणि मध्ये?” मी विचारले.

“मध्ये मोकळंच बरं,” तो म्हणाला. “हवेशीर वाटतं.”