पट्टा, उडी आणि मागे बसवलेले दोन हमाल

नमस्कार. फोर्कलिफ्टवरच्या (पुढच्या दोन लोखंडी दात्यांवर माल उचलणाऱ्या गाडीवरच्या) माझ्या लेखाबद्दल तुम्ही सडेतोड लिहिलंत, ते बरं केलंत. तुमचे आक्षेप तीन. सीटबेल्ट लावला तर गाडी कलंडताना ऑपरेटर उडी कशी मारणार? माल जास्त झाला की सांगलीतल्या साखरेच्या गोदामांत मागे दोन हमाल बसवून काम निभतं, त्यात वावगं काय? आणि ‘समोर दिसत नसेल तर रिव्हर्सच घ्या’ हे माझं सांगणं रॅम्पवर चालत नाही.

तिसरा आक्षेप मान्य, चूक माझी. भरलेल्या गाडीचा माल कायम चढाच्या बाजूला हवा: चढताना सरळ, उतरताना रिव्हर्स. चढताना माल आडवा येत असेल तर इशाऱ्याला माणूस उभा करा, नाहीतर वरचा थर कमी करा. रिकाम्या गाडीचे फोर्क, म्हणजे माल उचलणारे दाते, उताराकडे.

उडीचं मात्र पटत नाही. गाडी एक-दोन सेकंदांत आडवी होते आणि माणूस फेकला जातो तो कलंडण्याच्याच बाजूला. डोक्यावरचं लोखंडी छतही तिथंच आपटतं. दीड टनी गाडीचं स्वतःचं वजन अडीच टनांच्या आसपास. त्या छताखालून निसटायला वेळच नसतो. म्हणून पट्टा लावायचा, स्टिअरिंग घट्ट धरायचं, पाय रोवायचे आणि विरुद्ध बाजूला झुकायचं. (उभ्याने चालवायच्या, मागून उघड्या रीच ट्रकचं वेगळं, तिथं मागच्या मागे उतरायचं.) रिकामी गाडी कलंडत नाही हाही गैरसमजच. मागचा अॅक्सल मध्यावर एकाच पिनवर डुलतो, त्यामुळे चाकं चार असली तरी गाडी तोलली जाते तीनच बिंदूंवर. वेगात वळवलेली रिकामी गाडी त्यामुळेच आडवी होते.

आता हमाल. गाडीवरच्या क्षमतेच्या प्लेटवर १५०० किलो लिहिलेले असतात ते भाराचा मध्य फोर्कच्या उभ्या बाजूपासून ५०० मिमीवर असेल तेव्हाचे. १२०० मिमी खोल पॅलेट (ज्यावर पोती रचतात ती चौकट) फोर्कवर पूर्ण घेतला तर हा मध्य ६०० वर जातो. पुढच्या अॅक्सलपासून फोर्कपर्यंत साधारण ४०० मिमी धरले, तर अॅक्सलपासून भाराच्या मध्याचं अंतर ९०० ऐवजी १००० होतं: १५०० × ९०० भागिले १०००, म्हणजे १३५० किलो. ५० किलोची २७ पोती. लाकडी पॅलेटचं वजन धरलं की २६. मास्ट (फोर्क वर-खाली नेणारा उभा सांगाडा) फार वर न्यायचा असेल तर आणखी कमी, तो आकडा प्लेटवरच बघायचा.

मागे दोन माणसं, समजा १४० किलो, बसवली की हिशेबाने चार-पाच पोत्यांची भर पडते. युक्ती लागू पडते ती एवढ्यापुरतीच. मागची चाकं टेकलेली राहतात, पण मास्ट, साखळी, फोर्क आणि पुढचा अॅक्सल १५०० च्याच मापाचे राहतात. फोर्कची टाच, म्हणजे तो वाकतो तो कोपरा, झिजून जाडी दहा टक्के घटली की फोर्क बाद. त्याची ताकद तोवर सुमारे वीस टक्के गेलेली असते. अशा फोर्कवर जादा पोती चढवून ब्रेक दाबला, की झटका त्याच टाचेवर. आणि ते दोघे? स्टिअरिंग मागच्या चाकांवर, त्यामुळे वळताना गाडीचं बूड बाहेर झपकन फिरतं आणि त्यांचे पाय गाडी व पोत्यांच्या थप्पीच्या मधे सापडतात.

मागची चाकं हलकी पडून स्टिअरिंग सैल लागलं की समजावं, भार जास्त झाला. माल जमिनीपासून १५-२० सेंटिमीटरवर असतानाच हे कळतं. तिथंच खाली ठेवा. उरलेली पोती दुसऱ्या खेपेला न्या, हमालांना थप्पीपासून लांब उभं करा.