ट्रान्सफॉर्मर तोच होता!

‘ट्रान्सफॉर्मर दमदार असला की आवाज फाटत नाही’ हे अ‍ॅम्प्लिफायरवरच्या (आवाज मोठा करणाऱ्या यंत्रावरच्या) लेखातलं वाक्य अर्धंच खरं. ट्रान्सफॉर्मर कमजोर पडून सप्लायचं व्होल्टेज 10 टक्के घसरलं की अ‍ॅम्प्लिफायरचे कमाल वॅट सुमारे 19 टक्क्यांनी उतरतात, इथपर्यंत मान्य. पण उष्णतेचं काय?

गोव्यात माशेलला चतुर्थीत पावसाच्या भीतीनं आम्ही क्लास एबी (ट्रान्झिस्टरच्या जोड्या आळीपाळीनं चालवणारा) अ‍ॅम्प्लिफायर प्लायवूडच्या पेटीत कोंडला. आरतीला ठणठणीत, भजन रंगात आलं आणि थर्मल कटआउटनं (फार तापलं की आपोआप बंद करणाऱ्या सोयीनं) आवाज बंद! व्हॉल्यूम तर मध्यमच होता. (सलग सुरावर एबीचे ट्रान्झिस्टर सर्वांत जास्त तापतात ते कमाल वॅटच्या साधारण 40 टक्क्यांवर, हे मागाहून कळलं.) पेटीची मागची फळी काढली, पंख्याच्या जाळीतली धूळ झटकली, मग त्याच ट्रान्सफॉर्मरवर पहाटेपर्यंत बिनतक्रार चालला.