‘फ्रँकफर्टमध्ये बघण्यासारखं काही नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

आज सकाळी डोकं तापलं ते एका फोटोमुळे. कामानिमित्त तिकडे गेलेल्या ओळखीतल्या एका मुलाने ग्रुपवर टाकलेला. हॉटेलची खोली, चहाच्या इलेक्ट्रिक किटलीत शिजवलेल्या नूडल्स, खिडकीबाहेर काचेचे टॉवर आणि खाली एक ओळ: ‘फ्रँकफर्टमध्ये बघण्यासारखं काही नाही. बँका आणि थंडी.’ त्यावर अर्ध्या ग्रुपचे अंगठे. दोघातिघांनी तर ‘अख्खा युरोप तसाच’ असंही लिहिलं.

आधी त्या किटलीचं. त्या किटलीत उद्या दुसरा कुणीतरी पाणी उकळणार आहे. नूडल्सचा स्टार्च तळाच्या गरम पत्र्यावर करपतो, मसाल्याचं तेल कडेला बसतं आणि विसळून ते निघत नाही. पुढच्या माणसाच्या चहाला तो वास येतो. आपल्या चहाला असा वास आलेला कुणालाच आवडणार नाही, त्यामुळे यावर जास्त लिहीत नाही.

राग दुसऱ्या गोष्टीचा आहे. काम साडेपाचला संपतं. जूनमध्ये तिथे साडेनऊपर्यंत उजेड असतो. हे चार तास पडदे ओढून, लॅपटॉपवर इथल्याच मालिका बघत घालवायचे आणि परत येऊन शहराला नावं ठेवायची?

प्रदर्शनाच्या मैदानाजवळ फेस्टहाले-मेस्से स्टेशनवर ऊ-४ ही मेट्रो पकडा, डोम-रोमर स्टेशनला उतरा. गाडी बदलावी लागत नाही. वर आलात की रोमरबर्ग चौक. तिथून नदीकडे चालत गेलात की आयझर्नर स्टेग, १८६८ मध्ये पहिल्यांदा बांधलेला आणि नंतर पुन्हा उभारलेला लोखंडी पादचारी पूल. पूल ओलांडला की झाक्सनहाउझन, सफरचंदाच्या वाइनच्या जुन्या खानावळींचा भाग. टॅक्सी नको, गाइड नको.

त्या खानावळीत टेबल स्वतंत्र मिळेल अशी अपेक्षा धरू नका. लांब बाकं असतात, रिकाम्या जागेकडे हात करून विचारायचं आणि अनोळखी लोकांशेजारी बसायचं. आपल्या खाणावळीत बसतो तसंच. आपफेलवाइन, म्हणजे ती सफरचंदाची वाइन, तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या खाचा पाडलेल्या काचेच्या ग्लासात येते, तेलकट बोटांतून ग्लास निसटू नये म्हणून त्या खाचा. चारपाच जण असाल तर करड्या रंगाचा, निळ्या नक्षीचा चिनीमातीचा सुरईवजा जग मागवा, त्याला बेंबेल म्हणतात. पहिला घोट आंबट लागतो आणि नवखे लोक तिथेच नाक मुरडतात. सोडा घातलेलं मागा, सुसह्य होतं. लिंबू-सोड्याचं गोड पेय घालून मागितलं तर जुन्या खानावळींत तोंडावर नाही म्हणतील, वाईट वाटून घेऊ नका. खिशात रोख युरो ठेवा, सगळीकडे कार्ड चालत नाही.

आता ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले ते. ग्र्यूने झोसे, हिरवं सॉस. सात पाले: पार्सली, चाइव्ह्ज, चर्व्हिल, बोराज, पिंपिनेले, आपल्या चुक्याच्या कुळातला आंबट पाला आणि क्रेसे. हे क्रेसे म्हणजे आपल्या हळिवाचा कोवळा पाला! बाळंतिणीला हळिवाचे लाडू देणाऱ्या घरातल्या मुलाने त्या शहरात जाऊन पाकिटातल्या नूडल्स खाव्यात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

हे सात पाले मुख्यतः ओबरराड नावाच्या उपनगरात पिकतात. तिथे सात लहान काचघरांचं, प्रत्येकाच्या हिरव्याची छटा वेगळी असलेलं, एक स्मारकच आहे या सॉसचं. बाजारात सातही पाले एकत्र, पांढऱ्या कागदात गुंडाळलेले मिळतात. एक पुडी चौघांना पुरते. पाला बारीक चिरायचा, सुरीनेच. मिक्सरमध्ये फिरवलात तर रस सुटून पातळ लगदा होतो आणि कडवटपणा वर येतो. त्यात आंबट साय आणि दही, मीठ, मिरी, थोडी मोहरी, लिंबू. शिजवायचं नाही, थंडच वाढायचं, सोबत उकडलेले बटाटे आणि अंड्यांचे अर्धे काप. परंपरेने या सॉसच्या मोसमाची सुरुवात ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी होते. कच्चा पाला हवा असेल तर क्लाइनमार्क्टहाले या बंदिस्त मंडईत जा, पण काम संपल्यावर गेलात तर दार बंद मिळेल. ती संध्याकाळी ६ ला बंद होते, शनिवारी दुपारी ४ ला, रविवारी उघडतच नाही. जेवणाच्या सुट्टीत उरकायचं काम आहे ते.

कबूल, शाकाहारी माणसाचे तिथे हाल होतात. अंडंही न खाणाऱ्यांनी आधी विचारून घ्यावं, कारण बऱ्याच ठिकाणी सॉसमध्येच उकडलेलं अंडं कुस्करलेलं असतं. पण हांटकेसे मागवा ना. आंबवलेल्या दुधाचं चीज, रेनेट न घालता केलेलं, त्यामुळे वासराच्या जठराचा प्रश्नच येत नाही. वर व्हिनेगर, तेल, चिरलेला कांदा, शहाजिऱ्यासारखे दाणे आणि शेजारी राय पावाचा काप. काट्याने नाही, सुरीने पावावर चढवून खायचं. वास उग्र असतो. सुकट-बोंबील खाणाऱ्यांनी वासाची तक्रार करू नये.

पुन्हा तो फोटो उघडून बघितला. खिडकीबाहेर दिसणारे ते टॉवर. त्याच टॉवरच्या पायथ्याशी, रेलिंगखाली, बाकाखाली, दगडी भिंतींच्या फटीत डब्या लपवलेल्या आहेत आणि या मुलाला पत्ताच नाही.

जिओकॅशिंगबद्दल, म्हणजे लपवलेल्या डब्या जीपीएसने शोधायच्या खेळाबद्दल बोलतेय. मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, ओरेगनमध्ये एकाने बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. तेव्हापासून हा खेळ जगभर चालू आहे. ॲप घ्या, खातं उघडा. फुकट खात्यावर सगळ्या डब्या दिसत नाहीत, पण एका संध्याकाळीपुरत्या पुष्कळ दिसतात. प्रत्येक डबीला १ ते ५ असे दोन आकडे असतात, एक शोधायला किती अवघड याचा, दुसरा तिथवर पोचायला किती अवघड याचा. नवख्याने दोन्ही २ च्या आत ठेवावेत. मग आधी शोधून गेलेल्यांच्या शेवटच्या चारपाच नोंदी वाचायच्या. ओळीने ‘सापडली नाही’ असेल तर डबी गेलेली आहे, पाय दुखवू नका. फेव्हरिट पॉइंट, म्हणजे शोधणाऱ्यांनी दिलेली पसंती, जास्त असलेली निवडा. कुणा स्थानिक माणसाने, परक्याने ही जागा बघावी म्हणून ती तिथे ठेवलेली असते, आणि टूर कंपनीची बस त्या गल्लीत जात नाही.

बँकांच्या भागात फोनवरचा ठिपका २०-३० मीटर उड्या मारतो. उपग्रहाचा सिग्नल काचेच्या भिंतींवर आपटून लांबच्या वाटेने फोनपर्यंत येतो, म्हणून. ठिपक्यामागे धावू नका. एका जागी थांबा, आकडा स्थिरावू द्या, मग फोन खिशात टाकून हिंट वाचा आणि डोळ्यांनी शोधा. लोखंडी पुलावर तर फोनचं होकायंत्रही भरकटतं. शहरातल्या पुष्कळ डब्या नॅनो असतात, करंगळीच्या टोकाएवढ्या, चुंबकाने चिकटवलेल्या. आत कागदाची पट्टी असते, पेन मावत नाही, म्हणून स्वतःचं पेन न्या. पट्टी बाहेर काढायला भुवयांचा छोटा चिमटा उपयोगी पडतो. सही आणि तारीख टाकली की पट्टी घट्ट गुंडाळून परत. सैल गुंडाळली तर झाकणात चिमटते, पाणी शिरतं आणि पुढच्याला लगदा मिळतो. आजूबाजूला लोक असतील तर थांबा, ते जाऊ द्या. डबी होती तिथेच, होती तशीच ठेवायची. मोठ्या डबीत वस्तूंची अदलाबदल चालते. एक रुपयाचं नाणं ठेवा, वारलीचं छोटं मॅग्नेट ठेवा. खाऊ अजिबात नको, उंदीर डबी कुरतडतात. नंबर असलेला धातूचा बिल्ला सापडला तर तो आठवण म्हणून घरी आणायचा नाही, पुढच्या डबीत पोचवायचा. पोलिसांनी हटकलं तर ॲप दाखवा. आपल्या रंगाच्या माणसाने परक्या देशात बँकेच्या भिंतीशी चाचपडणं अवघड वाटू शकतं, हे मान्य. ज्यांना तसं वाटेल त्यांनी अर्थकॅश घ्यावेत. त्यात डबीच नसते, दगड नीट बघून प्रश्नांची उत्तरं पाठवायची असतात. तासाभराच्या रेल्वेप्रवासावरच्या कोलोनच्या कॅथेड्रलला हात लावून बघा. ड्राखेनफेल्स टेकडीचा दगड आहे त्यात, आणि त्यात बोटाच्या पेरांएवढे चपटे, फिकट स्फटिक उघड्या डोळ्यांनी दिसतात. आपल्या काळ्या पाषाणात असं सहसा दिसत नाही.

कोलोनवरून आठवलं. कार्निव्हलच्या गुरुवारी तिथे मीटिंग ठेवणाऱ्या आपल्या मॅनेजर मंडळींना काय म्हणावं! ११ वाजून ११ मिनिटांनी शहर रस्त्यावर येतं आणि बायका कात्रीने पुरुषांचे टाय कापतात. चांगला टाय हॉटेलवर ठेवा. ईस्टरच्या ४८ दिवस आधीच्या सोमवारी मोठी मिरवणूक, तेव्हाही कामाची आशा सोडा. बरोबर पुढच्या सोमवारी पहाटे ४ ला स्वित्झर्लंडमध्ये बाझेलच्या कार्निव्हलसाठी शहराचे दिवे घालवतात आणि कंदील, ढोल, बासऱ्या सुरू होतात, ७२ तास. फ्लॅश बंद ठेवा, आणि उत्सवाचा बिल्ला विकत घेऊन कोटाला लावा, नाहीतर कागदी टिकल्यांनी न्हाऊन निघाल.

हे लिहिता लिहिता राग थोडा उतरला. तो मुलगा भत्ता वाचवत असेल. घरचा हप्ता, बहिणीची फी, कारणं मला ठाऊक आहेत आणि त्यासाठी कुणी नूडल्स खात असेल तर मी कोण बोलणार. पण अरे, डबी शोधायला पैसे लागत नाहीत. पूल फुकट आहे. ॲडव्हेंटच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी साडेचारला, फ्रँकफर्टमधल्या १० चर्चच्या ५० घंटा एकत्र अर्धा तास वाजतात, त्याला तिकीट नाही. वर्षातून चारदा होतं हे: तो शनिवार, नाताळची पूर्वसंध्या, ईस्टरचा आदला दिवस आणि पेंटेकोस्टचा, म्हणजे ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या सणाचा, आदला दिवस. रोमरबर्गपासून नदीकाठाने चालत राहायचं, कारण एका जागी उभं राहिलात तर जवळच्या चर्चचीच घंटा ऐकू येते.

ज्यांचं कामानिमित्त फ्रँकफर्ट, कोलोन किंवा बाझेलला जाणं ठरलंय त्यांनी खाली तारखा आणि हॉटेलचा भाग लिहा. त्या दिवसांत काय चालू आहे, कुठे काय खायचं आणि चालत जाण्यासारख्या डब्या कोणत्या ते मी सांगते. आणि किटली चहापुरतीच ठेवा.