‘डबा लावा, कुठलाही प्रिंटर नेटवर्कवर आणा’: हे अर्धंच खरं

ऑफिसांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक सल्ला पुन्हा पुन्हा फिरतो: ‘नवा नेटवर्क प्रिंटर घेऊ नका. जुन्या यूएसबी प्रिंटरला प्रिंट सर्व्हरचा छोटा डबा लावा, लॅनची वायर खोचा. कुठलाही प्रिंटर चालतो, ड्रायव्हर लागत नाही, स्कॅनिंगही सगळ्यांना मिळतं, आणि सगळं ऑफिसातच राहत असल्याने पूर्ण सुरक्षित.’ असे डबे मी बरेच बसवलेत आणि बरेच काढूनही ठेवलेत, म्हणून हे लिहितोय.

आधी खरं ते. एका पीसीवरून शेअर केलेला प्रिंटर तो पीसी बंद झाला की सगळ्यांसाठीच बंद. डब्यामुळे ही कटकट मिटते. अकाउंटवाल्या बाई रजेवर गेल्या म्हणून त्यांचा पासवर्ड शोधत फिरावं लागत नाही.

पण ‘कुठलाही प्रिंटर’ या दोन शब्दांत पैसे बुडतात. डबा करतो काय, तर नेटवर्कवरून आलेला डेटा, बहुधा ९१०० क्रमांकाच्या पोर्टवर (म्हणजे नेटवर्कवरून आत यायच्या दारावर), घेतो आणि जसाच्या तसा यूएसबीतून पुढे ढकलतो. त्यातलं त्याला ओ की ठो कळत नाही. प्रिंटरला पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट या पान कसं छापायचं ते सांगणाऱ्या भाषा समजत असतील तर एवढं पुरतं. आपल्याकडे टेबलाटेबलावर दिसणारे स्वस्त लेझर प्रिंटर मात्र पान रचायचं काम संगणकावरच सोपवतात. कॅननचा एलबीपी २९०० घ्या. त्याची कॅप्ट नावाची स्वतःची भाषा आहे आणि ड्रायव्हरला प्रिंटरकडून उलट उत्तर लागतं. एकेरी वाहतूक करणाऱ्या डब्यावर तो मुका बसतो. एचपीच्या लेझरजेट १०२० ची तऱ्हा वेगळी. वीज गेली की त्याच्यातलं फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, पुसलं जातं आणि ड्रायव्हरने ते दर वेळी नव्याने पाठवावं लागतं. थेट यूएसबीवर हे आपल्या नकळत होतं; मध्ये डबा आला की घोळ सुरू. यात प्रिंटरचा दोष नाही, एका पीसीशेजारी बसायलाच तो घडवलेला आहे. तेव्हा डब्यासोबत चालणाऱ्या मॉडेलांची यादी आधी बघा. दुकानदाराच्या ‘चालेल हो साहेब’वर जाऊ नका.

ड्रायव्हर लागत नाही? लागतो, आणि प्रत्येक पीसीवर लागतो. विंडोजमध्ये ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ तयार करून डब्याचा नेटवर्कवरचा (आयपी) पत्ता द्यायचा आणि त्यावर प्रिंटरचाच ड्रायव्हर बसवायचा. हा पत्ता राउटरमध्ये राखून ठेवा, नाहीतर पत्ते आपोआप वाटणाऱ्या डीएचसीपीने तो बदलला की सोमवारी सकाळी सगळीकडे ‘ऑफलाइन’. पत्ता बरोबर असूनही ‘ऑफलाइन’च दिसत असेल तर त्या पोर्टच्या सेटिंगमधली एसएनएमपीची (प्रिंटरची हालहवाल विचारणाऱ्या पद्धतीची) टिक काढून पाहा, मला या एका टिकेने अनेक चकरा घालायला लावल्यात. ड्रायव्हरविना छपाई हवी असेल तर जुन्या पीसीवर किंवा रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर कप्स हे छपाई सांभाळणारं सॉफ्टवेअर बसवता येतं. तो संगणक छपाईची कामं रांगेत लावतो, मजकूर प्रिंटरच्या भाषेत उतरवतो. पण मग तो खराखुरा सर्व्हर झाला, खोचून विसरायचा डबा नव्हे.

स्कॅनिंग साध्या डब्यातून होत नाही. त्यासाठी यूएसबीच नेटवर्कवरून ओढणारा वेगळा प्रकार मिळतो, त्यात एका वेळी एकाच पीसीला ताबा मिळतो.

राहिली सुरक्षितता. ९१०० पोर्ट ना पासवर्ड विचारतो, ना मजकूर कुलूपबंद करतो. ऑफिसच्याच वायफायवर आलेला पाहुणाही त्यावर छपाई करू शकतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये एका हॅकरने इंटरनेटवर उघड्या पडलेल्या प्रिंटरांवर एका यूट्यूब चॅनेलची जाहिरात छापली; आकडा सुमारे ५०,००० असल्याचा त्याचा दावा होता. त्याला कुठलंही कुलूप तोडावं लागलं नव्हतं.

पगाराच्या स्लिपा छापणाऱ्या प्रिंटरला मी डबा लावत नाही. तो अकाउंटवाल्या बाईंच्या पीसीलाच यूएसबीने जोडून ठेवतो, त्या रजेवर गेल्या तरी.